द्रौपदीच्या नावावरचा गुन्हा

घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत शकुचा आवाज पाण्याच्या आधी यायचा. नवरा कुंडलिक सांगून थकला, "अगं, हळू बोल, खाली स्टेशनापर्यंत जातं ऐकू." नर्सिंग होममध्ये ती आया आहे, तिथले डॉक्टरसुद्धा तिला वचकून असतात. अशी ही बाई त्या मंगळवारी पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर गुमान बसली होती!

शेजारी द्रौपदी. मूळची मालवणची, खोली नंबर सतरा. बारा वर्षं शाळेच्या बसवर पोरं चढवते-उतरवते. शाळेने यंदा बसवरच्या सगळ्यांकडे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला. द्रौपदीने अर्ज भरला आणि निरोप आला, तुमच्यावर गुन्हा नोंद आहे. मुदत त्याच मंगळवारी चारपर्यंत. दाखला नाही, तर उद्यापासून बसवर दुसरी बाई.

श्वेता हवालदार कंप्युटरवर बघून वाचत होत्या. "दोन हजार सहा. पाण्यासाठी हंडा मोर्चा. वॉर्ड ऑफिसात घुसून काच फोडली. नाव तुमचं, नवऱ्याचं नावही जुळतं, खोलीही तुमचीच."

"मी खंय गेलंय मोर्चाक? माझो गुडघो सुजलेलो!" द्रौपदी रडकुंडीला आली. "शकु, सांग गो मॅडमना! तू होतस ना थंय?"

होती तर! काचेत घुसलेला हंडाही तिचाच. पण त्याच आठवड्यात कुंडलिक महापालिकेत कायम झालेला, आणि काच फुटली ती नेमकी त्याच्या हापिसाची. पकडून नेल्यावर तिथल्या हवालदाराने नाव विचारलं, तेव्हा गुडघ्याचं निमित्त काढून घरी बसलेल्या द्रौपदीवर शकु सकाळपासून खार खाऊन होती. दिलं तिचंच नाव ठोकून, नवऱ्यासकट, खोलीसकट. संध्याकाळी सगळ्या बायांना सोडलं आणि ही बया आठ दिवस एकटीच हसत होती. आता हसू कुठलं!

"जुना कागद मागवते," श्वेता मॅडम म्हणाल्या. "त्यावर ओळखखुणा असतात. पण यायला आठ दिवस."

"आठ दिवस? वाट लागली माझी!"

तीन वाजायला दहा मिनिटं होती. पाणी पिऊन येते म्हणून शकुला सटकता आलं असतं. कुंडलिकची पेन्शन, आपली नोकरी, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. द्रौपदीने शाळेला फोन लावला. "गंधाली मॅडम, माझ्या जाग्यार दुसरी बाई बघा..."

शकुने फोन हिसकावून बंद केला.

"मॅडम, त्या कागदावर खूण काय आहे, सांगू? हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण." तिने मान वर केली. "हे बघा. हिचं नाव मी सांगितलेलं."

मॅडमनी आधी ती हनुवटी पाहिली, मग द्रौपदीची कोरी करकरीत. रेकॉर्ड रूमला फोन केला आणि पान शोधून तेवढी खूण फोनवरच वाचून दाखवायला सांगितलं. वीस मिनिटं लागली. द्रौपदी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली. तिने शिव्या घातल्या असत्या तर शकुला बरं वाटलं असतं.

फोन वाजला. "हो... तीन ठिपके. वय बेचाळीस? बरं." मॅडमनी शाळेच्या नावाने पत्र टाइप केलं, आत जाऊन साहेबांची सही आणली. "द्रौपदीबाई, पळा. शकुबाई, तुम्ही बसा. जबाब लिहायचाय. कोर्टाची पायरीही चढावी लागेल."

"चढते," शकु पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज समोरच्या टेबलापर्यंतही पोचला नाही.

द्रौपदी पत्र घेऊन तरातरा दारापर्यंत गेली आणि गर्रकन वळली. "बेचाळीस? मी तेव्हा चौतिसाची होतंय गो सटवे!" ठाण्यातली सगळी डोकी वर झाली. "आणि घरी काय सांगू नको. कुंडलिक भावजींका मी सांगतंय. तू सांगशीत, तर आणि कोणाचा तरी नाव घेशीत!"