ओटी भरली तो दिवस

बहिणीची पाठवणी करताना मी चारचौघांत म्हणालो होतो, "हे घर तुझंच आहे. कधीही ये." वडील नव्हते, तेव्हा ते मीच म्हणायचं होतं. म्हणताना मला ते खरंही वाटलं होतं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला, तिथे मला नोकरी लागली आणि दोन खोल्या मिळाल्या. एका सकाळी चाकणच्या सासरहून बहीण आली. हातात बोचकं, दंडावर काळानिळा वळ. "दादा, मी आता परत न्हाई जायची," एवढंच म्हणाली आणि माझ्या बायकोच्या हातातला झाडू काढून घेतला.

सुरुवातीला घरात हसणंही होतं.

"वहिनी, दादा अजून भाकरीचा पापुद्राच खातो का गं?"

"पापुद्रा त्यांना, खालचं मला!"

मग शेजारच्या सायकलवाल्या चाचांनी विचारलं, "काय राव, पाहुण्या अजून आहेत वाटतं?" त्यांनी सहजच विचारलं. मला मात्र ते लागलं.

आता उघड लिहितो. 'कधीही' म्हणताना माझ्या मनात सण होता, सोबत मेहुणा होता, परतीचा वार ठरलेला होता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हाच कळलं.

'जा' म्हणायची हिंमत नव्हती. चिंचवडच्या बाजारातून खण-नारळ आणून मी बायकोपुढे ठेवला.

"अहो, पण ती कुठं जाते म्हणालीय?"

"भर तू."

सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात. भरली की तिनं निघायचं, त्यावर बोलायचं काही उरत नाही. बहिणीनं पदर पसरला, नारळाकडे नुसतं बघितलं, आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि बोचकं उचललं.

भावजयीनं नणंदेला घालवलं, असं नात्यागोत्यात झालं. मी होऊ दिलं. बायको शेवटपर्यंत त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही. गेल्या वर्षी ती वारली. दिवस झाल्यावर मी चाकणला गेलो. बहीण ओसरीवर कांदे निवडत होती.

"त्या वेळी खण मी आणला होता."

तिनं मान वर केली नाही. "ठावं हाय. वहिनीचं हात थरथरत व्हतं."

मीही तिच्या पाटीतले कांदे निवडायला लागलो. कांदे संपत आले तशी तिनं पाटी बाजूला सारली.

"निघ आता दादा. गाडी चुकंल."