स्वप्नातलं जेवण

एका बुधवारी माझी मुलगी गेली. तिने जेवण सोडलं होतं.

महिन्याभराने मी पुन्हा पवनीच्या बसने शाळेत शिकवायला जाऊ लागले. शेजारी रोज एक मुलगी बसायची. डबा उघडायची, भात चमच्याने सारखा करायची, झाकण लावायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

"जेवत काहून नाही?" मी एकदा विचारलं.

"मावशी, सपनात दोन ताटं भात खाल्ला. आता अजून कायले खाऊ?" ती हसली.

माझी मुलगीही हेच सांगायची. स्वप्नात अन्न दिसणं आमच्या घरी शुभ मानतात, म्हणून मी निर्धास्त राहिले होते.

"मले तुझ्या आईशी बोलायचं आहे," मी म्हणाले. तिने डबा पिशवीत टाकला आणि पुढच्या थांब्यावर उतरली.

त्यानंतर ती आली नाही. मी रोज शेजारच्या जागेवर रुमाल टाकते.