नव्या नियमांत बुटकी पुजारीण

ती येणार असा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते आणि अक्षरशः खुर्चीतून उठून उभी राहिले. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, "क्या हुआ मॅडम, लॉटरी लगी क्या?" मी म्हटलं, तसंच समजा. आमची जवळच्याच महू गावची मैत्रीण घरच्या लग्नासाठी हैदराबादहून येणार होती आणि रविवारची दुपार तिने आमच्यासाठी राखून ठेवली होती. म्हणजे खेळासाठी.

खेळ म्हणजे सुदामा नगरातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर चालणारा जादू-राक्षसांचा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. दार उघडलं, तलवार उपसली, राक्षसाशी पंगा घेतला, असं आपापलं बोलायचं, आणि पुढे काय होईल याची खात्री नसेल तिथे फासा टाकायचा. गोष्ट सांगणारा आमचा भिया. तो कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो आणि वयाने आमच्यापेक्षा मोठा आहे, म्हणून सगळ्यांचा भिया. माझा नवरा योद्धा, मी जादूगारीण आणि मैत्रीण एक बुटकी पुजारीण.

ती नोकरीसाठी गेली आणि त्यानंतर भियाने एका नव्या खेळाचं जाडजूड पुस्तक आणलं. जुन्या नियमांत एक मारामारी संपेपर्यंत चहा गार व्हायचा, नव्यात फटाफट काम. आम्ही खूश. पुजारिणीला तेवढं एका मठात तपाला बसवून ठेवलं. आता तिला उठवायचं तर तिचे जुने आकडे नव्या नियमांत बसवायला हवे होते, आणि त्या कामाला मी कुणाला हात लावू देणार नव्हते.

काही लोकांना शब्दकोडी आवडतात, मला हे आवडतं. जुन्या खेळात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं अंग सुरक्षित, नव्यात नेमकं उलटं. विसातून वजा केलं की झालं! जुन्यात विषापासून वाचायचा आकडा वेगळा, मंत्रापासून वेगळा, ड्रॅगनच्या आगीपासून वेगळा. नव्यात ते सगळे ताकद, चपळाई, मन अशा गोष्टींत वाटून टाकायचे. एका संध्याकाळी या नादात भेंडीचा पार कोळसा झाला. नवरा ब्रेड आणायला गेला, आणि मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मी तेव्हा पुजारिणीच्या गदेत गुंतले होते.

मग 'छाप' आली. समोरच्यावर पात्राचा किती प्रभाव पडतो, त्याचा हा आकडा. अठरा म्हणजे राजे-महाराजे. पात्र बनवताना फाशांनी आमच्या मैत्रिणीला दिले होते फक्त सहा. नव्या नियमांत बोलून काम काढायचं असेल तर वीस पैलूंचा फासा टाकायचा आणि त्यात छापेप्रमाणे आकडा मिळवायचा किंवा कापायचा. सहाचे होतात उणे दोन. मी ते लिहिलं आणि कागदाकडे बघतच बसले. उणे दोन? हिचे?

आमच्या टोळीचं निम्मं काम ही बाई तोंडानेच करायची. जुन्या नियमांत आम्ही बोलण्यासाठी कधी फासा टाकलाच नव्हता. पात्र जे बोलेल ते खेळणाऱ्याने खरोखर बोलायचं आणि समोरचा ऐकतो की नाही ते भियाने ठरवायचं. आणि ती मराठी, हिंदी, माळवी असं सगळं एकात एक करून सुरू झाली की भिया पाघळायचाच. एका दरोडेखोराला तिने त्याच्याच बायकोची बाजू घेऊन असं झापलं होतं की त्याने आमचा सगळा ऐवज परत केला आणि वर वाटेसाठी शेव बांधून दिली.

म्हणजे मी नियमाप्रमाणे चोख काम केलं तर ती इतक्या लांबून येणार, जीव तोडून बोलणार आणि फासा म्हणणार, नाही जमलं. एक दुपार मिळतेय आणि तिची पुजारीण तोंडघशी पडणार. माझं डोकंच फिरलं. मी स्कूटर काढली आणि स्नेहलतागंजला भियाच्या घरी जाऊन थडकले.

"छाप सहा मतलब सहाच," भिया म्हणाला. "गणित है ये. इसमें इमोशन कायको ला रही तू?"

"भिया, प्रयोगात एक येतंय आणि सूत्रात दुसरंच येतंय, तर तुम्ही मुलांना काय बदलायला सांगता?"

"...सूत्र."

"मग? प्रयोग आपल्या टेबलावर किती वर्षं चाललाय! तिचं कुणी ऐकलं नाही असं एकदा तरी झालंय का? सांगा ना!"

भियाने छताकडे बघत आठवायचा प्रयत्न केला. मग त्याला तो शेववाला दरोडेखोर आठवला आणि तो एकटाच हसत सुटला. "चल, दिया," म्हणत त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि मी आणलेल्या कागदावर बोलण्यापुढचं 'उणे दोन' खोडून तिथे स्वतः 'अधिक सात' लिहिलं. मी जिंकले होते! परत येताना सिग्नलला मी इतकी हसत होते की शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे संशयाने बघायला लागला.

रविवारी ती आली. मी दारातच तिला मिठी मारली. नवऱ्याने गराडू, म्हणजे कोनफळासारख्या कंदाचे तुकडे, तळले होते, भरपूर मसाला मारून. ती आवडीने खात होती, पण बोलत नव्हती. विचारलं तेवढ्याचंच उत्तर. काम कसं आहे, तर म्हणाली, "अच्छा है. दिवसभर फोनवर बोलायचं. पण समोर स्क्रीनवर लिहिलेलं असतं ना, तेच वाचायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही चालत."

खेळ सुरू झाला. मठातून पुजारीण उठली, आम्ही डोंगर उतरलो आणि नदीवरच्या पुलावर एक अवाढव्य राक्षस आडवा पडलेला दिसला. मी टेबलाखाली नवऱ्याला पाय मारला. पूल भियाने खास तिच्यासाठीच टाकला होता. आम्ही तिघं तिच्याकडे टक लावून बघायला लागलो.

तिने तिचा कागद पाहिला. "बोलायचे अधिक सात? अरे वा." तिने फासा उचलला आणि टाकला. सोळा.

"मान गया," भिया म्हणाला. "राक्षस बाजूला झाला."

नवऱ्याने हळूच विचारलं, "पण तू त्याला म्हणालीस काय?"

"म्हटलं असेल काही बी. आकडा आ गया ना?"

मला रडू येईल असं वाटलं, मग राग आला, आणि मला राग आला की माझे हात आधी चालतात. मी तिच्यासमोरचा कागद ओढला, खोडरबर घेतला आणि भियाच्या अक्षरातलं ते 'अधिक सात' घासून काढलं. तिथे 'उणे दोन' लिहिलं.

"भिया, पुलाच्या पलीकडे कोण आहे?"

भियाने माझ्याकडे पाहिलं. तो ते आत्ताच बनवतोय हे मला दिसत होतं. "पलीकडे... त्याची आई बसलीये. बेटे से डबल. म्हणते, एक बी आगे नी जाएगा."

मैत्रिणीने कागद पाहिला. "उणे दोन? इतने में तो कुत्ता बी नी मानेगा यार!"

"नाहीच मानणार," मी म्हटलं. "म्हणून बोल."

तिने गराडूचा एक तुकडा उचलून परत ठेवला. तिचे कान लाल झाले होते. मग तिने घसा साफ केला आणि अगदी बारीक आवाजात माळवीत म्हणाली, "कई मावशी, कई करी रिया हो?"

"पहरा," भिया घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"पहरा कसला करता, आधी पोराकडे बघा तुमच्या!" तिचा आवाज जरा चढला. "एवढा बड़ा पूल एकटा सांभाळतो बिचारा, आणि अंगावर नुसती हड्डी-हड्डी! खायला देता का नाही? आत्ता मी बाजूला हो म्हटलं, तर झाला लगेच. भूक होती हो मावशी ती! आणि लग्नाचं काय? हां, मूँह मत फेरो, मी पुजारीण आहे, दस गावात फिरते, एक मुलगी आहे माझ्या नजरेत, जरा दात पुढे आहेत पण तुमच्याकडे ते चांगलंच दिसेल..."

ती उभी राहिली होती. तिलाही ते कळलं नव्हतं. नवऱ्याने तोंडात गराडू असताना हसून ठसका लावून घेतला, मी त्याच्या पाठीत धपाटे घालत होते, आणि ती मुलीचं गाव, तिचं शिक्षण, मामाची जमीन, काहीही सोडत नव्हती. भियाने चष्मा काढून ठेवला होता आणि दोन्ही हातांनी डोळे पुसत होता.

मग तिला दम लागला. ती थांबली, तिने कागदाकडे बघितलं, तिचा चेहरा उतरला आणि तिने चाचपडत फासा शोधला.

"भिया, आता टाकू?"

"काय टाकतेस?" भिया म्हणाला. "तू मुलीचं गाव सांग परत. मावशी लिहून घेतायत."