न हललेलं लग्न

चूक माझीच होती. सत्तरच्या दशकात मंठ्याच्या एका फोटोग्राफरने सिनेमाचा छोटा कॅमेरा आणला आणि तो माझ्या बहिणीच्या लग्नात पहिल्यांदा चालवला. फोटो काढताना तो स्वतःही श्वास रोखून धरायचा आणि समोरची माणसं स्थिर दिसली की खूश व्हायचा. ते पाहून मला खोडी सुचली. मी वऱ्हाडात हळूच पसरवलं, "जो हालंल, तो फिल्ममधी येणार न्हाई."

पुढे चादरीवर फिल्म दाखवली. सगळं वऱ्हाड खांबासारखं उभं होतं आणि हलत होती फक्त एका म्हशीची शेपटी.

"फोटोच काढले की वो!" लोक त्यालाच हसले.

"आपल्याला जमत न्हाई हे," तो मला म्हणाला. "कॅमेरा इकून टाकतो."

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी त्याच्या स्टुडिओत जाऊन मी खरं सांगितलं. त्याने कॅमेरा उचलून माझ्यावर रोखला.

"मंग मागा माफी, भाऊ. यात आवाज येत न्हाई, बराबर दिसली पाह्यजे."

मी हात जोडले, कान धरले.

"आजून एकदा," तो म्हणाला.

मी पुन्हा धरले.