खोडलेला अर्ज

"हरामखोर लोक." हेडसरांनी सगळ्या स्टाफसमोर कागदावरून मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "तेरा ही शब्द है ना?"

माझाच होता. पण टाइप केल्या केल्या मी तो खोडला होता. पुढं अख्खा अर्जच खोडला. सेव्हसुद्धा केला नव्हता. मग ह्यांच्या हातात आला कसा?

बुऱ्हाणपूरच्या एका खासगी शाळेत मी कॉम्प्युटर ऑपरेटर. आमची जात कळली आणि रोज सकाळी ऑफिसचा झाडूही माझ्याच हातात आला. माझा पाण्याचा ग्लास वेगळा, खिडकीत उपडा घातलेला. तेच मी अर्जात शिक्षण अधिकाऱ्यांना लिहीत होते. मधेच धीर सुटला.

"जिस थाली में खाती है, उसी में छेद!" सर बोलले. उद्यापर्यंत माफीनामा लिहून दे म्हणाले. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारी शोभाताई बसायच्या. त्यांनीच चोरून वाचलं असणार, दुसरं कोण? दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. डबाही तोंड फिरवून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी झाडताना टेबलाखाली वाकले. कीबोर्डची वायर मागे जिथं लागते, तिथं मधेच बोटभर काळा तुकडा. अगं माय! ही जागा रोज मीच पुसते. आधी हा नव्हता.

राजपुरा मोहल्ल्यातल्या क्लासात मला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमना फोन लावला, तुकडा कसा दिसतो ते सांगितलं.

"तू दाबलेलं एकेक बटण त्यात जातं," त्या म्हणाल्या. "खोडलेलंही. पासवर्डही. पासवर्ड आत्ता तुझ्या मोबाइलवरून बदल, ओटीपी लावून ठेव. आणि तुकडा काढून भागत नाही. आत प्रोग्रॅमही टाकलेला असू शकतो, तो दिसत नाही. परक्या मशीनवर आपलं काही लिहायचं नाही, समजलं?"

समजलं. म्हणजे शोभाताईंनी वाचलं नव्हतं, सरांनीच हे लावलं होतं. अंगाची लाहीलाही झाली. झाडू माझ्या हाती दिला नसता, तर हा तुकडा मला कधी दिसलाच नसता.

जागेवरच फोटो काढला. मग तुकडा उपटला आणि शोभाताईंपुढं धरला. त्यांची माफी मागितली. फक्त त्यांची.

अर्ज हातानं लिहिला, निळ्या शाईनं. पोस्टात टाकला. त्याची नक्कल स्टाफरूममध्ये मीच वाचली, सरांच्या तोंडावर. झाडू त्यांच्या खुर्चीला टेकवला.

"माफी नाही लिहिणार."

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

नोकरी गेली. जाऊ दे. आता कुठंही कामाला गेले की बसायच्या आधी मी मशीनमागची वायर बघते. मग पाणी मागते. ग्लास वेगळा आला, की त्या खुर्चीत मी बसत नाही.