चुन्याच्या भिंतीतलं सिमेंट

सात वर्षं मी ही गोष्ट टाळली. घरात कुणी त्या दगडी घराचा विषय काढला की मी चहा ठेवायला उठायचो. सुनेला वाटायचं, बाबांना चहाचं वेड लागलंय. आता ऐंशी गाठली आणि इतका चहा सोसत नाही, म्हणून लिहून टाकतो.

आम्ही मुलाकडे राहतो त्या पॉइंट कुक उपनगराहून पश्चिमेला गाडीने अर्ध्या तासावर, एका उतारावर ते घर आहे. वेल्सहून आलेल्या एका शेतकऱ्याने आपल्या गावाकडच्या पद्धतीने बांधलेलं. लांबलचक, पण रुंदीला एकच खोली. एकाच छपराखाली वरच्या अंगाला माणसं आणि खालच्या अंगाला गुरं, म्हणजे गोठ्यातलं पाणी घरात न शिरता उताराने निघून जाणार. भिंती दीड हात जाड, खिडक्या इतक्या खोल की माणसाने त्यात मांडी घालून पेपर वाचावा. शेकोटीवर आडवी टाकलेली तुळई म्हणजे अख्खं झाडच. आणि दगड? काळा बसाल्ट! आमच्या साताऱ्याकडचाच म्हणा ना. पहिल्यांदा त्या भिंतीवर हात ठेवला आणि सासरी माहेरचं माणूस भेटावं तसा मी हसत सुटलो.

त्या शेतकऱ्याची पणती तिथे एकटीच राहायची. वय माझ्याएवढं, नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी तिने आम्हा मराठी मंडळींना रिकामा गोठा दिला आणि भाडं घ्यायचं नाव काढेना. मी म्हणालो, "आमच्यात दिवाळीच्या आधी घराला रंग काढतात. तो तरी काढू द्या."

बाई टाळ्या पिटत म्हणाली, "आमच्यातही दर वसंतात सफेदी करतात!" इथे ऋतू उलटे, दिवाळी वसंतातच येते, त्यामुळे सगळं जुळून आलं. टास्मानियाला बहिणीकडे जाताना तिने चुन्याच्या दोन बादल्या काढून ठेवल्या. पातळ चुना सफेदीला, घट्ट चुना दगडांच्या सांध्यांत भरायला. "सिमेंट मात्र नाही हं," ती म्हणाली. "लग्नाआधी नवऱ्याकडून तेवढं एकच वचन घेतलं होतं. शेवटपर्यंत पाळलं त्याने."

कामाला आम्ही पाच निवृत्त म्हातारे. नातवंडांची ने-आण नाही, औषधाची वेळ सांगायला कुणी नाही. काय तो आनंद! मी वाटेतच सिमेंटच्या दोन गोण्या घेतल्या होत्या.

"साहेब, बाईंनी चुना सांगितलाय," आमच्यातले बँकवाले म्हणाले.

"चुना पानाला लावतात. छत्तीस वर्षं सरकारी पूल बांधलेत मी. तुम्ही काय, पासबुकं भरलीत."

"अहो, पण तिला कळलं तर?"

"वरून सफेदी मारल्यावर काय दिसणार आहे? पन्नास वर्षं हलायचं नाही. आपली दिवाळीची भेट!"

घट्ट चुना झाडाखाली ओतला आणि थाप्या घेऊन भिंतीवर तुटून पडलो. एक जण शिडीवरून नाट्यपदं म्हणत होता, दुसरा खालून त्याला पडेल म्हणून शिव्या देत होता. बँकवाल्यांच्या मिशा पांढऱ्याफेक झाल्या, तर त्यांनी बायकोला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आता जरा वयाला शोभता." हसून हसून आमची पोटं दुखली. इतका हलका मी निवृत्तीनंतर कधीच झालो नव्हतो. खोटं कशाला बोलू, आजही तो दिवस आठवला की आधी हसूच येतं.

परतल्यावर बाईने घराला फेरी मारली आणि माझा गालगुच्चा घेतला. "ब्यूटिफुल, मेट!"

पुढच्या हिवाळ्यात आतली भिंत ओलीचिंब झाली, गिलाव्याचे पोपडे पडायला लागले. बाईने जुन्या घरांचा एक गवंडी बोलावला, आणि इंजिनिअर म्हणून मलाही. गवंड्याने सफेदी खरवडली. खाली करडं सिमेंट.

"दगडात शिरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडतं," तो म्हणाला. "सिमेंटने ती वाटच बुजवली. आता पाणी घरात येणार. आणि हे काम नवं वाटतंय."

साहेबाची अब्रू गवंड्यासमोर जाणार होती. मी पुढे झालो, बोटाने सांधा टोकरला आणि अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणालो, "नाही, नाही. झाकलेलं सिमेंट नवंच दिसतं. हे दहा वर्षांपूर्वीचं तरी असणार."

बाई हिशोब करत उभी राहिली. दहा वर्षांपूर्वी नवरा होता. तिने शेकोटीवरच्या त्याच्या फोटोकडे पाहिलं. "लबाडा! तोंडावर मला वचन देत होतास?" ती हसली. मग फोटो उतरवून खणात पालथा ठेवला, तेव्हा ती हसत नव्हती.

गवंड्याने सगळं सिमेंट खोदून काढलं, चुना भरला, भिंत सुकली. घर आजही ठणठणीत आहे. फोटो मात्र परत वर गेला नाही. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बाई नवऱ्याच्या लबाडीची गोष्ट सांगायची आणि म्हणायची, "खरं-खोटं विचारा या इंजिनिअरला." मी मान डोलवायचो.

इंग्रजीत वाक्यं पाठ करून तीनदा कबूल करायला गेलो. एकदा तिने केक पुढे केला, एकदा पाहुणे होते, एकदा मी फाटकावरूनच परत फिरलो.

गेल्या वर्षी बाई गेली. चर्चमध्ये तिची मुलगी म्हणाली, "आता आई वर बाबांना गाठून सिमेंटचा जाब विचारत असेल." सगळे हसले. मीही हसलो, सर्वांत मोठ्याने.

इंग्रजीत पाठ केलेली ती वाक्यं मराठीत अशी होती: बाई, तुमच्या नवऱ्याने वचन मोडलं नाही. सिमेंट मी भरलं, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा, आणि त्यांचा फोटो खणातून काढा.