चालायला जास्त, नावेला कमी

चौथीच्या पुस्तकात नसलेले धडे शिकवायची मला खोड आहे. त्या फेब्रुवारीत मी हॉलंडचं पाणी शिकवत होते. शत्रू चाल करून आला की तिथले लोक बांधांची दारं उघडून आपलीच शेतं बुडवत. पाणी मात्र मापानं सोडायचं: चालायला जास्त, नावेला कमी. खालचे चर दिसत नाहीत आणि घोडे तोफांसकट फसतात. आमच्या वस्तीवरच्या शाळेतल्या अकरा पोरांनी जन्मात नाव पाहिली नव्हती, पण ते वाक्य त्यांना भलतंच आवडलं. डबा खातानाही तेच चालायचं.

त्याच आठवड्यात पत्र आलं. पट कमी, म्हणून आमची शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिळवायची. मधली वाट मुलांना चालण्याजोगी आहे का, ते बघायला साहेब येणार. ती वाट म्हणजे दोन्हीकडच्या शेतांपेक्षा खोल गेलेली पांदण. पावसाळ्यात तिच्यात म्हैस रुतते. पण साहेब येणार फेब्रुवारीत, तेव्हा ती पापडासारखी कोरडी. मला संताप आला. शाळा गेली तर पहिलीतली पोरं घरीच बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पांदणीच्या कडेला ज्यांची विहीर आहे त्या चाचांकडे मी गेले.

"पाणी सोडू म्हणता? गव्हाले का रस्त्याले?"

"रस्त्याले," मी म्हटलं.

त्यांची नात माझ्याच वर्गात, चौथीत. त्यांनी लगेच मान डोलावली. आणि यात खोटं तरी काय होतं? जे जुलैत होतं, तेच मी फेब्रुवारीत दाखवणार होते.

ठरलं असं: मी राहते त्या दुसरबीडहून, म्हणजे मोठ्या गावाच्याच बाजूनं, यायचं, पांदण ओलांडून शाळेत पोचायचं, मग चाचांनी मोटर सुरू करायची. मागून साहेब येणार आणि काठावरूनच परत जाणार. पण हॉलंडवाल्यांना समुद्र होता, आमचं सगळं थ्री-फेजवर. मी पोचले तेव्हा पांदण पाण्यानं भरलेली, शाळा पलीकडे आणि मी अलीकडे. चाचा बांधावर उभे होते.

"लाईट आठले गेली, म्याडम. तुमची वाट पाह्यली असती तं रस्ता कोरडाच राह्यला असता."

कुठे कुठे शत्रूच्या आधी आपलीच माणसं अडकली, हे मी शिकवलं होतं. लक्षात ठेवलं नव्हतं.

मागे जीप थांबली. साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"पाऊस झाला?"

"पाझर आहे, सर."

त्यांनी वही उघडून पेन काढलं. मी तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण मला कुठला दम निघतोय! किती खोल आहे ते दाखवते म्हणाले, साडी खोचली आणि उतरले. तिसऱ्या पावलाला पाय ट्रॅक्टरच्या चाकोरीत गेला आणि मी पाण्यात मांडी घालून बसले.

पलीकडे अकरा पोरं उभी होती. त्यांना वाटलं, धड्याचा प्रयोग चाललाय. एका सुरात आवाज आला, "चालाले जास्त, नावेले कमी."

"हे काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"इतिहास," मी चिखलातून सांगितलं.

तेवढ्यात चाचांची नात चपला हातात घेऊन पाण्यात उतरली. कुठं पाय ठेवायचा ते रोजचं ठाऊक असल्यासारखी कडेकडेनं सरळ माझ्यापाशी आली आणि तिनं हात दिला. पाणी तिच्या गुडघ्याच्या वर गेलं नव्हतं. मला रडूच यायचं बाकी होतं. पोरीनं मला बाहेर काढलं आणि शाळा बुडवली.

"अरे वा, तू तर मस्त आलीस," साहेब म्हणाले. "मग मोठ्या शाळेत जाशील ना रोज अशी?"

तिनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं.

"काऊन? म्याडम पडल्या म्हून आली मी. शाळेसाठी कोन येते?"

साहेब इतके हसले की त्यांना जीपला टेकावं लागलं. मग त्यांनी वहीत लिहिलं. मी ओल्या साडीतच वाकून वाचलं: वाट चालण्याजोगी नाही.

आमची शाळा अजून आहे. ती पोरगी आता मोठ्या गावात सातवीला जाते. पावसाळ्यात मात्र वस्तीवरच दिसते. काऊन गेली नाहीस, असं विचारलं की म्हणते, "तिकडं कोनी पडलं नाई ना, म्याडम."